शिंग न वाजता किल्ला बुडाला त्याची हकीकत

श्री. ज्याच्या मर्जीने गड उभे राहतात आणि ज्याच्याच मर्जीने त्यांवर शेरडे चरतात, त्यास दंडवत करून लिहिणे ऐसे जे: शके अकराशे बारा, पश्चिमेस फरासीस मुलुखात एक किल्ला होता, त्याचा धनी तिबो सरदार, आणि दरवाजाचा राखणदार गोबेर. सरदार धर्मयुद्धास समुद्रापार निघाले ते समयी गोबेरास जवळ बोलावून आज्ञा केली की, "परत येईन तेव्हा खंदकापलीकडून शिंग वाजवीन, तीन लांब, दोन आखूड. खूण तुझीमाझी. ती ऐकल्यावाचून प्रत्यक्ष राजा आला तरी पूल टाकू नकोस." गोबेराने तलवारीस हात लावून शपथ घेतली, आणि मग अकरा वर्षे गेली, आणि शेजारच्या गनीमाने दोन वेळा धन्याच्या वेषात ठक पाठविले, दोन्ही वेळा गोबेराने खूण मागून त्यांस पळविले, तेणेकरून त्याची कीर्त बहुत जाहली आणि मानही अंमळ ताठ जाहली.

शके अकराशे तेवीस, पौषमासी, बर्फ पडत असता भर दुपारी खंदकापलीकडे एक भिकारी येऊन उभा राहिला, तोंडास फडके, गळ्यात धन्याचे शिंग, आणि बोबडे बोलला की, "गोबेर, मी आलो. पूल टाक." गोबेर म्हणाला, "खूण दे." मग त्याने फडके सारून शिंग तोंडास लाविले; परंतु भाल्याने जबडा फुटून गाल उघडा पडला होता, सबब वारा गालातूनच गेला आणि शिंगातून नुसती फुसफुस निघाली. गोबेर तटावर पोट धरधरून हसला. सरदारांची स्त्री बाईसाहेब धावत आल्या आणि म्हणाल्या, "गोबेर, उभे राहण्याची ढब त्यांचीच रे. टाक पूल." गोबेराने हात जोडिले: "बाईसाहेब, मुंडके घ्या, पण शपथ मोडवू नका. शिंग काय, मेल्याच्या गळ्यातून कोणीही काढील." तेव्हा बाईंसही शंका आली आणि त्या माघारी महालात गेल्या. भिकारी दोन दिवस फुंकीत राहिला, तिसरे दिवशी राहिला नाही. मग पूल टाकून प्रेत आत आणिले, आणि बाईंनी कानामागील जन्मखूण पाहिली, आणि इतकेच बोलल्या की, "गोबेर, तू हुकूम पाळलास." त्या मठात गेल्या, पोटी संतान नव्हते, शिपाई पांगले. गोबेराने शिक्षा मागितली, परंतु शिक्षा देणार धनी तोच मेला. हाय हाय, इतक्या इमानी माणसाने कोणाच्या पायी डोके आपटावे!

मग गोबेराने आपल्या हाताने पुलाच्या साखळ्या तोडिल्या आणि दरवाजाची कवाडे उतरवून खंदकात लोटिली. गावकरी गोठ्यांस दगड पाहिजेत म्हणून भीत भीत आले, तो हा म्हातारा मोकळ्या चौकटीत उभा, आणि येईल त्यास म्हणे, "या बाबा, न्या. खूण नको." आधी बुरुज गेले, मग तट गेला, शेवटी गोबेर गेला, आणि चौकट तेवढी राहिली.

सारांश, हा किल्ला गनीमाने घेतला नाही, आगीने जळला नाही. चोख पहाऱ्याने बुडाला. हकीकत समाप्त.