नलूताईंचं पापलेट

नलूताईंनी माझ्या हातातला बटाटेवडा काढून घेतला, फूटपट्टीनं मोजला आणि परत दिला. "घेर जरा कमी आहे. खा आता."

दादरच्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला होता. मापं घातली की पडद्यावर इमारतीचा नुसत्या रेघांचा सांगाडा उभा राहायचा. तो हवा तसा फिरवायचा, मग प्लॉटर नावाचं यंत्र हातात पेन धरल्यासारखं तो कागदावर काढायचं. हे जमायचं फक्त नलूताईंना, आणि त्यांचं इमारतींवर भागेना. किटली, शिपायाची चप्पल, साहेबांचा टेलिफोन, दिसेल त्याचा सांगाडा! मागच्या रेघा लपवायची सोय होती, पण बाई ऐकतील तर ना. "पुढची बाजू काय रे, कुणीही दाखवतं. आरपार दिसलं पाहिजे!" मला सांगून आलेल्या मुलीचा फोटो मी दाखवला, तर त्यांनी तो उलटा करून मागे बघितलं.

एकदा एक शेठ आपल्या टॉवरचं चित्र न्यायला आले. साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. प्लॉटर कुरकुरला. आधी शेपटी आली. मग पर. मग टेबलभर पसरलेलं, आतल्या काट्यासकट अख्खं पापलेट.

"ये मेरा टॉवर है?"

"छे हो शेठ, तुमचा याच्यामागून येतोय," नलूताई म्हणाल्या. "कल्ला कसा वाटतो?"

साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे घरी पाठवलं. तासाभरात लक्षात आलं, टॉवर दुसऱ्या कुणालाच काढता येत नाही. "जा, पाया पड, पण आण त्यांना!" म्हणून मला ठाकूरद्वारला त्यांच्या घरी पिटाळलं. मी पापलेटाची गुंडाळी काखेत मारली.

दार उघडंच होतं, नलूताई आत चहा टाकत होत्या. खाटेवर त्यांचे धाकटे भाऊ पडून होते. संपात गिरणी सुटली, रंगकामाला गेले, आणि परांचीवरून पडले ते पुन्हा उठलेच नाहीत. त्यांच्या डोक्यावरचं छत प्लॉटरच्या कागदांनी भरलं होतं: सायकल, हातगाडी, इराण्याची खुर्ची, देवळाची घंटा.

मी स्टुलावर चढून पापलेट चिकटवलं. भाऊंनी ते बराच वेळ निरखलं.

"ताजं आहे," ते म्हणाले, आणि आम्ही तिघं हसत सुटलो.

नलूताई मला जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. "येते उद्या, सांग साहेबांना." मग मागे खोलीकडे बघत कठडा धरून थांबल्या. चौपाटी तिथून हाकेवर.

"आता त्याला समुद्र हवाय रे," त्या हळूच म्हणाल्या. "त्याची मापं कशी घेऊ?"