पान एकवरून पुढे

प्रजीशचा मोबाईल अम्माने कपाटात कुलूप लावून ठेवला आणि त्याच्या अभ्यासाची वाट लागली. कोळिकोडच्या पत्रकारिता विद्यालयात गटचर्चा आणि मुलाखत होती. चालू घडामोडी तोंडपाठ हव्यात, असं जो तो सांगत होता.

"पेपर वाच," अम्मा म्हणाली. "नाहीतर मामाच्या टायरच्या दुकानात बस. त्याला दुकानात माणूस हवाच आहे."

टायरचा वास नुसता आठवला तरी प्रजीश नाक दाबायचा.

घरी पेपर घेणं म्हणजे हॉटेलवाल्या बालेट्टनच्या चहाला नावं ठेवणं, म्हणून गावात कुणी घेत नसे. बालेट्टनच्या हॉटेलात एकच पेपर यायचा. तो त्याची पानं सुटी करून बाकाबाकांवर वाटायचा. पहिलं पान जायचं निवृत्त हेडमास्तर कणारन यांच्याकडे; मास्तर म्हणून सगळे त्यांना ‘माशे’ म्हणत. माशे ते जाहिरातींसकट वाचायचे आणि मग तेच तोंडावर पांघरून झोपायचे. निम्म्या गावाने त्यांची छडी खाल्लेली. पान उचलायची छाती कुणाची? खेळाचं पान रिक्षावाल्यांकडे. प्रजीशच्या वाट्याला उरायचं पान सात.

पान सातवर काय, तर सगळं ‘पान एकवरून पुढे’. पोरगा इमानेइतबारे बातम्यांची शेपटं पाठ करू लागला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याने माशांनाच गाठलं. "माशे, माझी जरा परीक्षा घ्या ना."

माशे खुलले. "सांग, मंत्र्यांनी राजीनामा का दिला?"

"‘माझा न्यायव्यवस्थेवर विश्वास आहे, असेही ते म्हणाले,’" प्रजीशने घडाघडा सांगितलं.

"अरे पण केलं काय त्यांनी?"

"ते तुमच्या हातात आहे, माशे."

"मग वाचायचं नाही का, गाढवा?" माशे कडाडले, आणि पान तोंडावर ओढून घोरू लागले. बालेट्टनने कीव येऊन एक पळमपोरी फुकट दिली. केळ्याच्या भज्याने पोट भरतं, डोकं नाही.

दुसऱ्या दिवशी गटचर्चेला विषय निघाला तोच, मंत्र्यांचा राजीनामा. प्रजीशला मामाचं दुकान डोळ्यांसमोर दिसू लागलं. बाकीची मुलं तुटून पडली. "हा नैतिकतेचा विजय आहे!" "नाही, हे राजकारण आहे!" पहिल्या पानावरचे मथळे टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत होते. कोपऱ्यात बसलेल्या परीक्षक सुहरा मॅडम, जुन्या संपादक, डोकं धरून ऐकत होत्या.

"तुम्हाला काही बोलायचंय का?" त्यांनी प्रजीशला विचारलं.

आता मरायचंच तर बोलून मरू, असं त्याला वाटलं.

"राजीनामा दिला, पुढे काय?" तो म्हणाला. "चौकशी करणाऱ्या बाईंची कासरगोडला बदली झाली. कंत्राटदार परत आला. आणि त्या वस्तीत पाणी अजून टँकरनेच येतंय. मरियम्मा नावाच्या आजी म्हणाल्या, मंत्री गेला, पण माझी घागर आहे तिथेच आहे."

"हे कुठे आलंय?" शेजारच्या मुलीने विचारलं.

"पान सातवर."

"पण मुळात मंत्र्यांनी..." एक मुलगा सुरू झाला.

"ती सुरुवात तुम्हीच सांगितलेली बरी," प्रजीश घाईघाईने म्हणाला. "मी पुढचं बघतो."

मुलाखतीला आत गेला तेव्हा त्याचा सदरा पाठीवर घामाने भिजला होता. सुहरा मॅडम मात्र त्याच्याकडे हरवलेला नातेवाईक सापडावा तशा बघत होत्या.

"मी जन्मभर बातम्यांचे उरलेले भाग पान सातवर टाकत आले," त्या म्हणाल्या. "ते वाचणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. सोमवारपासून वर्गाला या."

प्रजीशने वाकून नमस्कार केला. दारापर्यंत गेला, घुटमळला, परत आला.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"त्या मंत्र्यांनी नेमकं केलं काय होतं?"