पाटणकरचे सर

भिंतीवरच्या तसबिरीला मास्क लावणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचा पाटणकर.

तसबीर अठराव्या शतकातल्या कुणा डच विद्वानाची. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, एक बोट जाडजूड ग्रंथात आणि नजर अशी, की आपला पेपर तपासून ठेवलाय. पाटणकरने ती जुन्या बाजारात घेतली, सायकलच्या कॅरियरला बांधून झुइडओस्टपर्यंत, म्हणजे आमच्या डच उपनगरापर्यंत आणली आणि हॉलमध्ये टांगली. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून ‘सर’.

मास्कबद्दल विचारलं तर म्हणाला, "अरे, अडीचशे वर्षांचा माणूस. एकही लस झालेली नाही!"

मुळात पाटणकर धास्तावलेला प्राणी. दुधाची बाटली साबणाने धुवायचा. दुसऱ्याला शिंक आली तरी स्वतः थर्मामीटर लावायचा. लॉकडाऊन लागल्यापासून तर सरांशिवाय त्याचं पान हलेना. व्हिडिओ कॉल कुणाचाही असो, पाठीमागे सर. मी बिस्किटाचा पुडा फोडला की, "जेवायच्या वेळेला? सरांना आवडणार नाही." सोफ्यावर टेकलो की, "दीड मीटर! सरांपासूनसुद्धा." याचं डोकं फिरलंय, असं मी बायकोला सांगून टाकलं.

मग त्यालाच कोविड झाला. इथला फॅमिली डॉक्टर म्हणजे हाउसआर्ट्स. तो फोनवर नेहमीचंच म्हणाला, पॅरासिटामॉल घ्या, आराम करा. मी रोज दाराला खिचडीचा डबा अडकवून यायचो. एका सकाळी आदल्या दिवसाचा डबा तसाच लटकलेला. हाका मारल्या, उत्तर नाही. त्याची एक किल्ली आमच्याकडे असायची. मास्क चढवून आत शिरलो.

पाटणकर पलंगावर होता. अंगात ताप, पण शुद्धीत. आवाज मात्र पार गेलेला. उशाशी फोन वाजत होता. साताऱ्याहून आई. त्याने खुणेनेच मला घ्यायला सांगितलं.

पडद्यावर आईंचे बारीक केलेले डोळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन लॉकडाऊनमुळे राहून गेलं होतं.

"खालचे जोशी ना तुम्ही? कसा आहे हो तो?"

"ताप उतरतोय, आई," मी दडपून सांगितलं.

"आणि सर आहेत ना जवळ? घरमालक सोबतच राहतात म्हणाला. फार शिकलेले आहेत, बोलत नाहीत, पण लक्ष असतं. मागे बसलेले दिसतात की नेहमी. त्यांच्या भरवशावर तर मला झोप लागते."

मी पाटणकरकडे पाहिलं. त्याने हात जोडले.

मी हॉलच्या दाराशी गेलो आणि फोन लांबूनच भिंतीकडे वळवला. "हे काय, इथेच आहेत."

आईंनी पदर सावरून वाकून नमस्कार केला. "त्यांना म्हणावं, माझ्या लेकराला एकटं सोडू नका."

"नाही सोडणार," मी म्हणालो.

आत पाटणकर उशीत तोंड खुपसून रडत होता. मी खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसलो.