तिखट खातेस का?

मयताच्या घरी जाऊन, सांत्वनाचा चकार शब्द न काढता, तिथल्या शाळा-कॉलेजातल्या पोराला "तिखट खातोस का?" असं विचारणारा माणूस मी नाशकात एकच पाहिला. आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे भालेराव काका.

काका ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होते. जन्मभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या आणि निवृत्तीनंतर तीच सवय सांत्वनाला लावली. कुणाकडे भेटायला गेले की खांद्यावर पंचा टाकून कोपऱ्यात बसायचे. "देवाला चांगली माणसं आधी लागतात," असं कुणी म्हटलं रे म्हटलं की कोपऱ्यातून आवाज यायचा, "नापास!" त्यामुळे लोक काकांना टाळायचे. मीही टाळायचो.

मग वरच्या मजल्यावर राहणारे माझे दाजी अचानक गेले. भाची ऋतुजा तेव्हा अकरावीत होती. ती रडली नाही. आल्यागेल्याला चहा देत राहिली. लोक कौतुकानं नुसते वेडे झाले. "काय धीराची पोर!" एक आत्या म्हणाली, "आता तूच आईचा मुलगा." अंबडला कारखाना असलेल्या एका नातेवाइकानं दुःखातून सावरायच्या पाच पायऱ्यांचा व्हिडिओ लावला आणि तिसऱ्या पायरीवर स्वतःच फोन घ्यायला बाहेर गेला. मी तरी मागे का राहू? सख्खा मामा ना! तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "तू रडलीस तर आई कोसळेल, बेटा."

"हा सगळ्यात नापास," काका म्हणाले. मला असा राग आला!

दोन महिन्यांनी माणसं यायची थांबली, पण ऋतुजा चहाच करत होती. कॉलेज बंद, मैत्रिणी बंद, जेवण चिमणीएवढं. ताई मला म्हणाली, "अरे, ही अशीच राहिली तर मी काय करू?" 

त्या रविवारी सकाळी काका दारात उभे. "काय गं, तिखट खातेस का?"

"खाते."

"बघू. मामालाही घे. गाडी चालवायला कुणीतरी लागेल."

गंगापूर रोडला आंब्याखाली टेबलं मांडलेलं मिसळीचं हॉटेल होतं. काकांनी वाढप्याला सांगितलं, "हिला जाळ तिखट. मामांना बेताची. मला माझी." तिसऱ्याच घासाला ऋतुजाच्या नाकाडोळ्यांतून पाणी. ती घाईघाईनं पुसायला लागली.

"पुसायचं नाही," काका म्हणाले. "बघ जरा. सगळं हॉटेल गळतंय. इथे कुणी विचारत नाही."

खरंच, शेजारचं अख्खं कुटुंब सूं-सूं करत होतं. मिसळ संपली, तरी ऋतुजाचे डोळे थांबेनात. मग हुंदका फुटला. "मामा, बाबा त्या दिवशी जाताना 'येतो गं' म्हणाले. मी मोबाईलमधून वरसुद्धा पाहिलं नाही."

माझा हात आपोआप तिच्या डोक्याकडे निघाला, तोंड उघडलं. टेबलाखालून काकांनी माझ्या पायावर पाय दिला. मी हात मागे घेतला, तोंड मिटलं. वाढप्यानं न बोलता कागदी रुमालांचा गठ्ठा आणून ठेवला. त्याला सवय असावी.

दुसऱ्याच दिवशी ती कॉलेजला गेली, असं मी लिहिलं तर काका नापास करतील. गुरुवारी गेली. तेही अर्धाच दिवस.

पण त्या टेबलावरचं एक सांगायचं राहिलं. काकाही रडत होते. नाक लाल, पंचा ओला. म्हातारा या वयात जाळ खातोय, असं वाटून मी चव बघायला माझा पाव त्यांच्या वाटीत बुडवला. नुसतं मटकीचं पाणी! मिरचीचा पत्ता नाही.

"काका, हे तर फिकं आहे!"

"अल्सर आहे मला. डॉक्टरांनी तिखट कधीच बंद केलंय."

"मग हे डोळे?"

काकांनी पंच्यानं तोंड पुसलं. "आमची ही गेली, तेव्हा मुलगा मंदार दहावीत होता. मी त्याला म्हणालो, रडायचं नाही, पुरुषासारखं राहायचं. आता परदेशात असतो. दर रविवारी फोन करतो. 'बरा आहे' म्हणतो आणि ठेवतो."

मग ऋतुजाच्या वाटीत आणखी रस्सा ओतत म्हणाले, "गुणी पोरगं हो. अजून ऐकतंय माझं."