बारा टेकड्या आणि मावशींची वेल

विज्ञानाचा पाया कष्ट हा आहे, आणि ते कष्ट दुसऱ्या कोणी करायचे हे ठरवणं हा प्रशासनाचा पाया आहे. आमची वनस्पती संशोधन संस्था या दोन्ही पायांवर भक्कम उभी आहे. (इमारतीचा पाया एका बाजूला खचलाय, पण तो विषय बांधकाम विभागाचा.) मी या संस्थेचा उपनिबंधक. त्यामुळे पुढची हकिकत निःपक्षपाती आहे.

आमच्या गावाभोवती बारा टेकड्या आहेत. त्यांवर घसावेल नावाची रानवेल उगवते. तिची पानं चघळली की बसलेला घसा मोकळा होतो. खडी क्रशरवाल्यांना या टेकड्या हव्या होत्या, म्हणून सरकारने आमच्या संस्थेला विचारलं, की बाराही टेकड्यांवरची वेल वेगवेगळ्या वाणाची आहे की सगळी एकच? वेगळी असेल तर सगळ्या टेकड्या राखू. एकच असेल तर बाराची गरज काय?

याचं उत्तर डीएनए मार्करने मिळतं. मार्कर म्हणजे डीएनएतल्या ठरावीक खुणा. बऱ्याच जुळल्या तर वेली सख्ख्या, थोड्या जुळल्या तर चुलत, अगदीच नाही जुळल्या तर व्याही. प्रत्येक टेकडीवरून पानं आणायची आणि खुणा ताडून पाहायच्या, इतकं ते सोपं आहे. फक्त टेकडी चढावी लागते.

बारा जणांना बारा टेकड्या नेमून दिल्या. आमच्याकडे काम पाण्यासारखं उतारानेच जातं. साहेबांनी आपली टेकडी प्राध्यापकांना दिली, प्राध्यापकांनी सहायकाला, सहायकाने ड्रायव्हरला. ड्रायव्हरचे गुडघे दुखतात. पण कँटीनच्या मागे, जिथे मावशी भांडी विसळलेलं पाणी ओततात, तिथे एक घसावेल तारेवर मस्त माजली होती. ड्रायव्हर तिथे वाकलेला इतरांनी पाहिला. चांगली कल्पना एकट्याकडे राहू देणं विज्ञानाला परवडत नाही. हां हां म्हणता अकरा पाकिटं तयार झाली, प्रत्येकावर टेकडीचं नाव, उंची आणि उताराची दिशा. (माझ्या पाकिटावर ‘वारा मध्यम’ अशी जादा नोंदही होती.)

“मेल्यांनो, माझी वेल बोडकी केलीत!” मावशी ओरडल्या. “बकरीसुद्धा चार पानं ठेवते!”

बाराव्या पाकिटाने घोटाळा केला. ते होतं धाकटीचं. ही आमची सगळ्यात नवी संशोधक विद्यार्थिनी. तिची पदवी याच कामावर अडलेली. तिच्या हाताखाली कोणी नव्हतं, म्हणून बिचारी स्वतः टेकडीवर गेली. परत आली ती तुटकी चप्पल हातात घेऊन, कोपरापर्यंत ओरखडे, आणि तोंडभर हसत.

निकाल आला. अकरा नमुने शंभर टक्के जुळले. धाकटीचा निम्म्यानेही जुळला नाही.

“अगं, अकरा जण एक सांगतायत आणि तू एकटी भलतंच,” साहेब मायेने म्हणाले. “मग कोणाचं चुकलं असेल?”

“सर, रानातल्या वेली शंभर टक्के कधी जुळतात का? एकाच वेलीची पानं असली तरच असं होतं. कँटीनमागे चला ना माझ्याबरोबर, दोन मिनिटं!”

साहेब गेले नाहीत. (कँटीनमागे जायला प्रवासभत्ता नाही.) शेवटी धाकटीने मावशींच्या वेलीचं पान तपासलं आणि निकाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो अकराही नमुन्यांशी तंतोतंत जुळत होता.

साहेबांना गहिवरून आलं. “शाब्बास! म्हणजे तेरावी जागासुद्धा जुळली!”

अहवाल पूर्ण झाला. घसावेल सर्वत्र एकच असल्याने एक वेल राखणं पुरेसं आहे. सर्वांत सोयीची वेल कँटीनमागे आहे. सबब बाराही टेकड्या क्रशरला द्यायला हरकत नाही. धाकटीचा नमुना ‘हाताळणीतील चूक’ ठरला. सही कर आणि पदवी घे, असं तिला सांगितलं. तिने सही केली नाही. हल्लीच्या मुलांना कशाचं काही नाही! मावशींच्या वेलीला लोखंडी कुंपण घातलं आणि संरक्षित वनस्पतीवर खरकटं पाणी ओतायला बंदी केली. तेव्हापासून वेल वाळते आहे, पण सुरक्षित आहे.

नियमाप्रमाणे जनसुनावणी झाली. पन्नास नागरिकांनी हात वर केले असते तर अहवाल फेरतपासणीला गेला असता. त्यासाठी धाकटी दारोदार फिरली, बोलून बोलून तिचा घसा पार बसला. सभागृहात खुर्च्या पुष्कळ होत्या. माणसं दोनच, धाकटी आणि मावशी. धाकटी बोलायला उभी राहिली, तर आवाजच फुटेना. तिने नुसता हात वर केला. मावशींनीही केला. मी मोजले आणि अहवाल मंजूर झाल्याचं जाहीर केलं. तिचा हात तरीही वरच होता. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. (पुढचं वाईट वाटण्याचं काम मी सहायकाकडे सोपवलं आहे.)

टेकड्यांवर आता सुरुंग लागतात. पण वाचकहो, निरोप घेण्यापूर्वी आपलं अभिनंदन करणं माझं कर्तव्य आहे. धाकटी आपल्याही दारी आली होती, आठवतं? आपण तिला पाणी दिलंत, “फार चांगलं काम करतेस हो बाळ” म्हणालात, आणि मग म्हणालात, “येणारे पुष्कळ असतील, आम्ही नाही आलो म्हणून काय अडतंय?”

आपल्या शेजाऱ्यांनी तेच सांगितलं. समोरच्यांनी तेच. वरच्या मजल्यावरच्यांनीही तेच, शब्दन् शब्द. आम्ही ताडून पाहिलं. जुळणी शंभर टक्के.