कंबरेची रजा

धाकट्याची कंबर ठणठणीत होती. बिघडलं होतं ते मन. पण वॉशिंग मशीनच्या कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पोरानं, तेही नोकरीत कायम व्हायची वेळ आलेली असताना, "मॅडम, फोन वाजला की मला रडू येतं," असं सांगायचं तरी कसं? डॉक्टर म्हणाले, आठवडाभर विश्रांती घे. ह्यानं मॅडमना कळवलं, कंबर लचकलीय.

"खोटंच बोलायचं होतं तर ताप सांगायचास," ताई म्हणाली. ती नर्स, तिला दुखण्यांची पारख. "तापाला माणसं लांबून नमस्कार करतात. कंबरेवर प्रत्येकाकडे इलाज असतो!"

आणि झालंही तसंच. दुपारी धाकटा वाकून कुंड्यांना पाणी घालत होता, तोच खाली कंपनीची गाडी थांबली. जिन्यात फिटरदादांचा आवाज आला. जड मशीन एकट्यानं वर चढवणारा हा गडी! धाकट्यानं धावत जाऊन पलंग गाठला.

"मॅडम गाडी लावून येतायत," दादा बाह्या सरसावत म्हणाले. "अजिबात हलू नकोस! पालथा हो."

"दादा, आता बरंच बरं आहे..."

"सगळे असंच म्हणतात. जन्म गेला मशिनी उचलण्यात, कंबर काय चीज आहे ते मला विचार. कुठं दुखतंय?"

आता आली का पंचाईत! ते धाकट्यानं ठरवलंच नव्हतं. त्यानं डावीकडे बोट दाखवलं. "इथं तर काहीच लागत नाही हाताला," दादा म्हणाले. घाबरून त्यानं उजवीकडे दाखवलं.

"अरे बापरे, पसरलंय!" म्हणत दादांनी अडकलेलं मशीन सरकवताना लावतात तसा गुडघा लावला आणि दिला हिसका. कट्!

"आई गं!"

ताई धावत आली, तिनं हात लावून पाहिलं. "झालं समाधान? लचकली!"

"म्हणजे आत्तापर्यंत नव्हती?" दादांनी विचारलं. दारात मॅडम उभ्या होत्या.

एवढ्या कळा येत असताना खोटं कुठून सुचणार? "आत्ता लचकली, मॅडम," धाकटा उशीत तोंड खुपसून म्हणाला. "फोन वाजला की छातीत धडधडतं. झोप लागत नाही. नोकरी जाईल म्हणून कंबर सांगितली."

मॅडम त्याच्याहून थोड्याच मोठ्या. त्या स्टूल ओढून बसल्या. "मी मागे अक्कलदाढेसाठी रजा घेतली होती ना? दाढ अजून जागेवर आहे."

"आमच्या वॉर्डातल्या पोरी पोट सांगतात," ताई म्हणाली.

दादा छताकडे बघायला लागले. "मागच्या रजेतला माझा गुडघासुद्धा तसा बराच होता म्हणा."

सगळे एकमेकांकडे बघून असे हसले की धाकट्याच्या कंबरेतून कळ गेली.

"मनासाठी रजा मंजूर," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "कायम करायचं ठरलंय, त्यात बदल नाही. कंबरेची रजा मात्र मिळणार नाही. ती फिटरनं बिघडवलीय, तोच रोज येऊन बघेल."

"नको!" धाकटा किंचाळला.

"कंबर नाही रे, घर बघेल. ताई ड्यूटीवर असते ना? केर, भांडी, जेवण."

दादा निमूटपणे उठले आणि मोरीपाशी जाऊन भांडी घासायला लागले. धाकट्याच्या डोळ्यांना धार लागली.

"फार दुखतंय का रे?" ताईनं विचारलं.

"जाम दुखतंय गं," तो म्हणाला. "पण कित्येक महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. ह्या माणसांचे उपकार कसे फेडू?"

"आधी गप पड," ताई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "बर्फ आणते."