आमच्या परसातली संधिसंजीवनी

झाडपाला ओळखण्यात माझा हात धरील असा माणूस त्या काळी अख्ख्या मेहकरात नव्हता. हे माझं स्वतःचं मत, पण मी पडलो मास्तर, त्यामुळे ते लवकरच बऱ्याच जणांचं झालं. कुठलंही पान समोर आलं की मी ते चुरगाळायचो, हुंगायचो, डोळे मिटायचो आणि एक भारदस्त संस्कृत नाव ठोकून द्यायचो. समोरच्याला संस्कृत येत नसे, पानाला तर नसेच.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण चारुलता. चारूच्या लग्नाची आईला रात्रंदिवस काळजी. पोरगी देखणी, हाताला चव, कामाला वाघीण. पण मनात येईल ते तोंडावर बोलायची. एका ठिकाणच्या मंडळींनी विचारलं, मुलीला काय काय येतं? तर हिने सांगितलं, "भाकरी येते. गाणं येत नाही, आणि शिकायचं मनातही नाही." ती मंडळी चहासुद्धा अर्धा टाकून उठली.

त्या पावसाळ्यात आमच्या परसात, धुण्याच्या दगडाजवळ एक झाड उगवलं. झाड कसलं, झुडुपांचा एक बुटका पुंजका. आई उपटायला निघाली होती. मी आडवा आलो. पान चुरगाळलं, हुंगलं, डोळे मिटले. पण नाव काही सुचेना. मला नाव सुचत नाही म्हणजे वनस्पती साधी नाही, हे उघडच होतं.

मी रोज तिच्याजवळ पाट टाकून बसू लागलो. संध्याकाळ झाली की तिची पानं हात जोडल्यासारखी मिटायची आणि सकाळी पुन्हा उघडायची. पुढे पिवळी फुलं आली. वाटलं, आता फळ धरलं की ओळख पटेल. फळ काही धरेना! फूल वाळायचं, त्याच्या जागी एक बारीक देठ निघायचं आणि खाली वाकून थेट मातीला टेकायचं. मी आईला समजावून सांगितलं की ही सात्त्विक वनस्पती आहे. संध्याकाळी हात जोडते, धरणीमातेला दंडवत घालते, आणि फळाची आशाच धरत नाही. आई म्हणाली की मग तुझ्यासारखीच आहे, पण तिला निदान दोन वेळा पाटावर बसवून वाढावं लागत नाही.

शेवटी नाव मीच ठेवलं, संधिसंजीवनी. संधिकाळी मिटते म्हणून संधी. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि तिथली माती कोणी हलवायची नाही असा हुकूम काढला.

शेजारच्या मनकर्णाबाई ताक मागायला आल्या, त्यांनी ते कुंपण पाहिलं. नाव ऐकून विचारू लागल्या, कशावर चालते ही? मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात त्या आपला कोपर चोळू लागल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "सांध्यांवर."

झालं. मनकर्णाबाईंचं माहेर साखरखेर्ड्याचं. दसऱ्याला त्या माहेरी गेल्या आणि तिथे पोचेपर्यंत संधिसंजीवनीने मेहकरातल्या एका म्हाताऱ्याला काठी टाकून पळायला लावलं होतं. तो म्हातारा कोण, हे मलाही अजून कळलेलं नाही.

साखरखेर्ड्याला वामनराव म्हणून मोठे जमीनदार होते. त्यांचा मुलगा लक्ष्मीकांत अमरावतीला शिकत होता. चारूसाठी आईने तिथे दोनदा निरोप धाडला होता, उत्तर नव्हतं. आता उत्तर आलं ते बैलगाडीत बसूनच. एका एकादशीच्या दुपारी बापलेक दारात उतरले. वामनरावांचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला. औषध अनशापोटी घ्यावं म्हणून त्यांनी पहाटेपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. एकादशीही साधेल, औषधही साधेल आणि जमलं तर मुलगीही पाहून होईल, असा त्यांचा तिहेरी बेत होता.

औषध कसं द्यायचं, हेही मला ठाऊक नव्हतं. पण माघार कशी घेणार? मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की मुळीचा काढा द्यावा लागेल, आणि चारूला मुळी काढायला परसात धाडलं. मागोमाग मीही गेलो.

तिने कुंपण बाजूला केलं, पण झाडाला हात लावला नाही. माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, "दादा, एक विचारू काय? हे तुले खरंच माहीत हाये?"

मी म्हटलं की लक्षणं सगळी जुळतात.

"कशाशी जुळतात?"

मी कुंपणाचा एक काटा उचलून उगाच बाजूला ठेवला.

"बरं," ती म्हणाली, "म्हातारा माणूस हाये, उपाशी हाये, तुह्यावर भरोसा ठेवून आला. काढा आधी मी पिते. मले काही झालं नाही, तं मंग त्याइले दे."

हे ती रागाने बोलली असती तर मी भांडलो असतो. ती अगदी भाजीत मीठ किती टाकू, अशा सुरात बोलली. विषारी मुळ्यांची जेवढी नावं पाठ होती तेवढी सगळी एकदम आठवली. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "नको चारू. मले माहीत नाही. मले काहीच माहीत नाही."

जन्मात पहिल्यांदाच मी हे वाक्य बोललो असेन. ती हसली नाही. म्हणाली, "मंग पाहू तं खरं काय हाये ते," आणि पदर खोचून तिने दोन्ही हातांनी झुडूप उपटलं.

माती सुटली आणि मुळांना लोंबणारे घोसच्या घोस वर आले. भुईमुगाच्या शेंगा!

आता तुम्ही हसाल. पण आमच्याकडे तेव्हा शेतात कापूस आणि ज्वारी. भुईमूग बाहेरून पोत्यात यायचा, थेट बाजारात. उपासाला दाणे आम्ही पिढीजात खात आलो. त्याचं झाड कसं असतं हे कोणी पाहिलं होतं? आई उपासाचे दाणे तिथेच बसून पाखडायची, त्यातलेच काही मातीत गेले असणार.

मी म्हटलं, लपव, मी काहीतरी सांगतो. पण चारू ते झुडूप मातीसकट घेऊन थेट बैठकीत गेली आणि वामनरावांच्या पुढ्यात ठेवून उभी राहिली. "काका, हे औषध नाही. ह्या शेंगा हायेत. दादाले ओळखू आलं नाही."

आईने डोळ्यांना पदर लावला. हेही स्थळ गेलं, असं तिने गृहीतच धरलं. वामनरावांनी ते झुडूप उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, दुसरी कोणी असती तं गुपचूप पाण्यात हळद उकळून दिली असती. तू काऊन सांगितलं?"

"तुमचा गुडघा हळदीनं बरा झाला नसता काका. अन् तुम्ही दर महिन्याले इतक्या दुरून हेलपाटे घातले असते."

लक्ष्मीकांत खाली मान घालून बसला होता, त्याने मान वर केली ती पुन्हा खाली घातली नाही. वामनरावांनी एक शेंग तोडून कानाजवळ हलवली. "एकादशीले चालतात ना ह्या? मंग उकड बाई, मीठ घालून. भुकेनं जीव चालला."

सगळ्यांनी टोपलीभोवती बसून शेंगा सोलल्या. टोपली रिकामी व्हायच्या आत लग्न ठरलं. वामनरावांनी मुलीला गाणं येतं का, हे शेवटपर्यंत विचारलं नाही.

आज चारू साखरखेर्ड्याचं ते मोठं घर चालवते. गावात काही अडलं, भांडण झालं, खरं काय ते कळेनासं झालं की माणसं तिच्या ओसरीवर येऊन बसतात. मी गेलो की मलाही मान असतो. वामनराव काठी टेकत दारापर्यंत येतात, मला जवळ बसवून घेतात आणि आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, "हे आमच्या सूनबाईचे भाऊ. मोठे विद्वान हायेत. दाणे खाऊन ओळखतात."